बोलणं कापू नका

काळपट, तेलकट बोटांचा एक हात काउंटरच्या काचेवरून पुढं आला आणि माझ्या तोंडासमोर हलला. कानात हेडफोन घालून मी एका वरातीच्या शूटिंगमधला बेंजो कापत बसले होते. दचकलेच.

"अगं बाई! काय ओ, हाक तरी मारायची!"

म्हणाले आणि जीभ चावली. समोर मुका हणमंत उभा होता.

कराडात त्याला सगळे असंच म्हणायचे आणि मीही म्हणायची, खोटं कशाला सांगू. हणमंत शेवाळे हे त्याचं पुरं नाव मी त्या दिवशी त्यानं लिहून दिल्यावर पहिल्यांदा वाचलं. स्टँडच्या मागं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, तिथं तो कामाला. आमची पाण्याची मोटर दोनदा जळाली होती आणि दोन्ही वेळा त्यानंच भरून दिली होती. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. काही सांगायचं असलं की कानावरची पेन्सिल काढायचा आणि दुरुस्तीला आलेल्या मोटरला तारेनं बांधतात ना पुठ्ठ्याची चिठ्ठी, तसल्या चिठ्ठीवर लिहायचा. खिशात गठ्ठाच असायचा त्याच्या.

त्यानं पिशवीतून कॅसेट काढली. जुनी, मोठी, व्हीसीआरची. फडक्यात गुंडाळलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या.

'डीव्हीडी करा. मुलीचं लग्न २ मे.'

मी मान डोलावली.

'हिच्यात तिची आई आहे. मुलगी दीड वर्षाची असताना वारली. लग्नात दाखव म्हणाली होती. मुलीनं अजून बघितली नाही.'

 काही म्हटलं तरी माझ्याही पदरात तेव्हा सहा वर्षांची पोर होती. मी पेन्सिल मागून घेतली आणि लिहिलं, 'काळजी करू नका. छान करून देते.'

'क्वालिटी चांगली पाहिजे. एकच डिस्क करा. दोन असल्या की एक हरवते.'

"बरोबर आहे," मी म्हणाले. तो हसला, पायरी उतरला, रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. उभ्याउभ्या आणखी एक चिठ्ठी लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

'सुमनचं बोलणं कापू नका.'

मी दोन्ही हात हलवून 'छे छे, अजिबात नाही' असं दाखवलं. तेव्हा कुठं गेला.

ही दोन हजार आठची गोष्ट. आमचे हे, म्हणजे विश्वासराव, लग्नाची शूटिंग करायचे आणि कापाकापी-जोडाजोडी, म्हणजे मिक्सिंग, मी. तालुक्यात बाई मिक्सिंग करते असं आमचं एकच दुकान. लोक म्हणायचे, कुंदावहिनींचा हात लागला की लग्न सिनेमासारखं दिसतं. मलाही ते खरं वाटायचं. वाटायचं कसलं, मी चांगली मिजासखोर होते. गिऱ्हाइकानं काही सुचवलं की मी म्हणायची, "तुम्ही फक्त डिस्क लावा आणि बघा." गिऱ्हाइकाला काय कळतंय!

कॅसेटला बुरशी लागली होती. पांढरी, रिळाच्या कडेला. ती पुसून काढली, व्हीसीआरला लावली, कॉम्प्युटरवर उतरवायला सोडली आणि मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. दुकानामागंच घर आमचं. मधनंमधनं हात पुसत यायचं, चित्र येतंय ना बघायचं आणि परत जायचं. कॅसेट उतरवणं म्हणजे असंच असतं. जेवढ्या वेळाची तेवढा वेळ लागतो, समोर बसून कोण बघणार?

पहिले दोन तास हणमंतचं लग्न. मोटरच्या दुकानाच्या मालकांनी आहेर म्हणून शूटिंग करून दिलं होतं, स्वतःच्याच कॅमेऱ्यानं. हणमंत सडपातळ, डोक्यावर फेटा, कानापर्यंत हसू. नवरी सुमन, रंगानं सावळी आणि देखणी. मान खाली, तोंडातनं चकार शब्द नाही. पण नवरी लग्नात कुठं बोलते? मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, तरी दोघं हातात हार घेऊन एकमेकांकडं बघत उभे. शेवटी मामानं कोपरानं ढोसलं तेव्हा हार पडले गळ्यात. मी हसले. म्हटलं, भारीच लाजरी जोडी दिसतेय!

लग्न संपलं. पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मग एकदम एक खोली.

सुमन स्टुलावर बसलेली, एकटी. अंगावर आकाशी साडी. दीड-दोन वर्षांत बाई पार वाळली होती, डोळ्यांखाली काळं. मागं घासलेटचा स्टोव्ह, उपडी घातलेली भांडी, दोरीवर दुपटी-लंगोट. कॅमेरा बराच लांब ठेवलेला, जागचा हलत नव्हता. समोर बघत ती हातवारे करत होती, लहान मुलाला खेळवताना करतात तसे. मधेच हसायची, मधेच थांबायची. बावीस मिनिटं हेच.

बोलणं कापू नका म्हणाला होता म्हणून मी हेडफोन घातला. सुरुवातीला ऐकलं, मधे ऐकलं, शेवटी ऐकलं. पंख्याची घरघर होती. कुठंतरी पाळण्यात तान्हं पोर रडत होतं, चांगलं बेंबीच्या देठापासून. बोलण्याचा एक शब्द नव्हता.

मला त्या बाईचा रागच आला, खरं सांगते. पोर केकाटतंय आणि ही आपली कॅमेऱ्यासमोर मिरवतेय! उठावं, घ्यावं लेकराला, तर ते नाही. मान वळवून बघितलंसुद्धा नाही तिनं. आणि हणमंतची कीव आली. बिचाऱ्याला ऐकू कुठं येतंय? बायको कॅसेटमध्ये बोलतेय अशी समजूत करून घेऊन बसलाय एवढी वर्षं.

"अहो," मी ह्यांना हाक मारली, "दोन तास वीस मिनिटं भरतायत. एका डिस्कमध्ये कसं बसवू?"

हे कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावत होते. "क्वालिटी खाली घे की."

"चांगली पाहिजे म्हणालाय."

"मग तासाभराच्या वर नाही बसायचं. दोन डिस्क कर."

"एकच म्हणालाय."

"मग काय डोंबल करणार?"

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगते. डिस्कची जागा ठरलेली असते, जेवणाच्या डब्यासारखी. प्रत्येक सेकंदाला किती जागा द्यायची तो आकडा आपण भरायचा. जास्त दिली तर चित्र लख्ख, पण डबा लवकर भरतो. कमी दिली तर खूप मावतं, पण मग कुणी जरा हललं की चित्राचे चौकोन चौकोन पडतात. बसलेलं माणूस कमी आकड्यावरही चालून जातं. हलणाऱ्याला जास्त जागा लागते. हे मला पाठ होतं.

"शेवटी काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. बाई बसलीय स्वैपाकघरात. हातवारे करतेय. एक अक्षर बोलत नाही."

"मग कापून टाक ते."

"छे! कापू नका म्हणालाय. मी शब्द दिलाय."

बघा, शब्दाची पक्की मी! मग मी डोकं चालवलं. दोन तुकडे वेगवेगळे काढले. लग्नाला साडेचारचा आकडा दिला. वरात, वाजंत्री, हार, पंगत सगळं लख्ख. शेवटच्या बावीस मिनिटांना दीड. बाई तर बसलेलीच आहे, तिला किती लागणार? असं करून एका डिस्कमध्ये बरोबर बसलं, कडेला वीतभर जागा उरली नाही. मी स्वतःवरच खूष झाले.

आणि तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. त्या वर्षी सगळीकडं नवीन रुंद टीव्ही आले होते. जुनं चौकोनी चित्र त्यावर लावलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायच्या. गिऱ्हाइकं भांडायला यायची, "वहिनी, पैसे भरून टीव्ही घेतलाय, अर्धा रिकामा कसा?" म्हणून मी जुनं काहीही आलं की ते ताणून मोठं करायची, पडदा भरेपर्यंत. वरचं थोडं जातं, खालचं थोडं जातं. कुणाचं काय बिघडतं?

लग्नाचं तसंच केलं. शेवटच्या तुकड्याला मात्र मी आणखी पुढं गेले. तो स्टोव्ह, ती भांडी, ते लंगोट! पोरीच्या लग्नात, सासरच्यांसमोर आईचं हे दर्शन बरं दिसतं का? मी चित्र आणखी मोठं केलं, खाली सरकवलं. स्टोव्ह गेला, लंगोट गेले. पडदाभर सुमनचा चेहरा आला. रंग जरा उजळला, डोळ्यांखालचं काळं कमी केलं. इतकी गोड दिसायला लागली बाई! रडणारं पोर बंद केलं आणि खाली सनई टाकली.

"बहिऱ्याच्या कॅसेटला सनई?" हे हसले.

"पाहुणे असतीलच की ऐकणारे."

"तू म्हणजे ना!" हे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कौतुकच होतं.

सव्वीस एप्रिलला हणमंत आला. मी डिस्क लावून दाखवली. पडद्यावर तो स्वतः फेटा बांधून आला तसं त्यानं तोंडावर हात ठेवला. सुमन आली तेव्हा डोळ्यांतनं पाणीच आलं त्याच्या. शेवटचं दाखवणार तेवढ्यात पाली रस्त्याची एक पार्टी आली लग्न बुक करायला, मी टीव्ही बंद केला. मग कॅसेट उचलून त्याला बुरशी दाखवली आणि लिहिलं, 'खराब झालीय. घरात ठेवली तर बुरशी पसरते. टाकून देऊ?' हे मी सगळ्यांनाच सांगायची.

त्यानं कॅसेटवर हात ठेवला. डिस्ककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग लिहिलं, 'सगळं आलं ना?'

'सगळं,' मी लिहिलं.

त्यानं कॅसेट माझ्याकडं सरकवली. संध्याकाळी भंगारवाला आला तेव्हा बाकीच्या कॅसेटींबरोबर ती पोत्यात गेली. कॉम्प्युटरवर तीन लग्नं येऊन पडली होती, हार्डडिस्क भरली होती. हणमंतचं सगळं पुसून मी जागा केली.

तीन दिवसांनी भर दुपारी तो पुन्हा आला. बरोबर मुलगी. शुभांगी तिचं नाव. एकोणीस वर्षांची, बारकीशी, डोळे आईचे. मिरजेला मूकबधिर शाळेत शिकलेली, वसतिगृहात वाढलेली. नवराही तसाच, त्याच शाळेतला. मला वाटलं, आमंत्रण द्यायला आले. मी उठून "या, बसा" म्हणून खुर्च्या पुढं केल्या.

शुभांगी बसली नाही. तिनं डिस्क माझ्या हातात दिली आणि टीव्हीकडं बोट केलं. मी लावली. तिनं रिमोट घेतला, भराभरा पुढं नेलं, लग्न संपवलं आणि आईवर आणून थांबवलं.

सनई वाजत होती. सुमनचा चेहरा पडदाभर. मी हसून मान डोलावली, म्हणजे काय, छान दिसतेय ना?

शुभांगी टीव्हीजवळ गेली. चित्राच्या खालच्या कडेवर तिनं बोट ठेवलं आणि तिथनं खाली आणलं, टीव्हीच्या चौकटीवरनं, टेबलावर. मग माझ्याकडं बघितलं. मला काही कळेना. तिनं वडलांच्या खिशातली चिठ्ठी घेतली.

'आई बोलते आहे. हात कुठे?'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. काय म्हणतेय ही? ती वडलांकडं वळली आणि त्यांच्याशी बोलायला लागली. तिचे हात छातीपुढं यायचे, पोटापाशी जायचे, एकात एक अडकायचे, सुटायचे. भरभर, न थांबता. हणमंतचे हात तिला उत्तर देत होते. त्यांचं बोलणं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि ते सगळं गळ्याच्या खाली चाललं होतं.

सुमनला ऐकू येत नव्हतं. तिलाही. म्हणून वाजंत्री सुरू झाली तरी हार हातातच राहिले होते. म्हणून पाळण्यातलं पोर रडत होतं आणि तिनं मान वळवली नव्हती. कॅमेऱ्यामागं हणमंत होता, त्यालाही ऐकू आलं नव्हतं. त्या खोलीत ते रडणं कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. ऐकलं ते मी, वीस वर्षांनी, आणि ऐकून त्या बाईला नावं ठेवली. बावीस मिनिटं ती आपल्या लेकीशी बोलत होती.

पडद्यावर अधनंमधनं तिचा एखादा हात वर यायचा. वर आला की त्याचे चौकोन व्हायचे. चौकोनांचा एक पुंजका यायचा आणि जायचा.

शुभांगीनं आणखी एक चिठ्ठी माझ्यापुढं धरली. 'चारदा बघितलं. फक्त "जेव" कळलं. दोनदा.' आणि मला कळावं म्हणून बोटं जुळवून स्वतःच्या तोंडापाशी नेली. तिच्या बोलण्यातली तेवढीच खूण चेहऱ्यापाशी झाली होती. तेवढी माझ्या चित्रात राहिली होती.

 मी काउंटरला धरलं.

हे मागच्या दारात उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक. सगळं बघितलं होतं त्यांनी.

"कुंदा," हे म्हणाले, "हार्डडिस्कवर आहे का?"

"नाही. पुसलं."

"कॅसेट?"

"भंगारात."

हे दारातनं आत आले. मग म्हणाले, "सांग त्यांना."

"काय सांगू?"

"खरं काय ते सांग. तू चित्र मोठं केलंस म्हणून हात गेले, असं लिहून दे."

आणि मग मी जे बोलले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "हळू. तोंडाकडं बघतायत. चेहरा सरळ ठेवा."

बापलेक दोघं समोर उभे. त्यांना ऐकू येत नाही, हे मला किती पटकन आठवलं बघा! सुमनच्या वेळी नाही आठवलं. माझी अब्रू झाकायची वेळ आली तेव्हा आठवलं. त्यांच्या पुढ्यात, दोन हातांवर, उजळ माथ्यानं मी नवऱ्याशी खलबत करत होते.

"अगं, पोरीची आई आहे ती," हे म्हणाले.

"मग? सांगून हात येणार आहेत का परत? तीन दिवसांवर लग्न आलंय. उगीच तिला आणखी त्रास. गावभर होईल. तीन लग्नांचं काम आहे हातात." आणि हे सगळं मी तोंडावर हसू ठेवून बोलत होते, हणमंतकडं बघून, जणू काही त्याचीच चौकशी चाललीय.

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढं कितीतरी वर्षं मला ते विसरता आलं नाही. मग चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

मी चिठ्ठी घेतली. अक्षर अगदी नीट आलं. 'कॅसेटमध्येच असं आहे. शूटिंग फार जवळून झालंय.'

हणमंतनं ती वाचली. मान हलवली, नाही नाही म्हणून. मग त्यानं मला करून दाखवलं. आमची एक खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली, ही सुमन. हाताची दुर्बीण करून डोळ्याला लावली, हा कॅमेरा. आणि एक पाऊल मागं आला. खुर्चीकडं बघितलं, स्वतःच्या हातांकडं बघितलं, हात दिसतायत का याची जणू खात्री केली, आणखी एक पाऊल मागं. आणखी एक. शेवटी पाठ दाराला टेकली. तिथं थांबून त्यानं माझ्याकडं बघितलं. 'एवढ्या लांबनं घेतलं होतं मी,' असं सांगत होता.

मला माहीत होतं. मी बघितलं होतं ते. स्टोव्ह, भांडी, लंगोट, सगळं मावलं होतं त्याच्या चित्रात.

मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. 'कॅसेटमध्येच असं आहे.'

तो तिथंच दाराशी उभा राहिला. डोळ्याला लावलेला हात हळूहळू खाली आला. त्यानं खुर्चीकडं बघितलं, मग हातांकडं. वीस वर्षांमागचं आठवायचा प्रयत्न करत होता बिचारा. आणि मला दिसलं, अगदी समोर दिसलं, की तो माझ्यावर विश्वास ठेवतोय. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सोडून देतोय, कारण मी त्यातली जाणकार. कुंदावहिनी.

शुभांगीनं त्याला काहीतरी विचारलं. दोनच खुणा, पण जोरात. तिचा चेहरा लाल झाला होता.

हणमंतनं दोन्ही हात वर नेले आणि स्वतःचे कान पकडले.

मुलीसमोर, माझ्या दुकानात, पंचेचाळीस वर्षांचा माणूस कान धरून उभा राहिला. आपण चूक झाली की कान पकडतो ना, तसेच. त्यांच्याही बोलण्यात माफी अशीच मागतात. ज्या कानांचा त्याला जन्मात उपयोग झाला नाही ते धरून तो माझ्या चुकीची माफी मागत होता. डोळ्यांतनं धार लागली होती, आणि तो कान सोडेना.

शुभांगी आधी नुसती बघत राहिली. मग पुढं गेली आणि तिनं त्याचे हात कानांवरनं ओढून काढले. काढले आणि स्वतःच्या हातांत घट्ट धरून ठेवले. त्यामुळं मग दोघांनाही काही बोलता येईना.

जाताना त्यानं माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली. काउंटरवर ठेवली, नमस्कार केला. 'तुमची चूक नाही ताई. मला कॅमेरा येत नव्हता.'

चिठ्ठीमागनं लग्नाची पत्रिकाही दिली. मी लग्नाला गेले नाही. हे गेले. आल्यावर मी विचारलं, "कसं झालं?" हे म्हणाले, "झालं." एवढंच. त्यानंतर ह्यांनी मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही, आणि मिक्सिंगचं कौतुकही कधी केलं नाही.

त्या काळ्या पट्ट्या घालवायला मी चित्र मात्र तेव्हापासून कापलं नाही. गिऱ्हाइकं भांडायची, मी म्हणायची, राहू देत काळ्या. पाच वर्षांत सगळ्यांच्या हातात कॅमेऱ्याचे मोबाइल आले, दुकान बंद झालं, तिथं आता झेरॉक्सचं मशीन आहे.

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावरनं मी जायचं सोडलं. स्टँडला जायचं तर लांबनं, मंडईतनं जायची. आमची मोटर जळाली की दुसरीकडं टाकायची. असं करत सात वर्षं काढली. मग एकदा मे महिन्यात मोटर गेली, ह्यांचं पायाचं ऑपरेशन झालेलं, घरात पाण्याचा थेंब नाही, आणि दुसरा दुकानदार गावाला गेलेला. रिक्षात मोटर घातली आणि गेले. दुसरा इलाज नव्हता, हे खरं. पण रिक्षात बसल्यावर मी ठरवलं होतं की आज सांगायचं, हेही खरं.

हणमंत फळीवर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. केस पिकले होते. मला बघितलं आणि उठून उभा राहिला, तोंडभर हसला. खिशातनं मोबाइल काढून फोटो दाखवला. शुभांगी, तिचा नवरा, आणि मधे झिपऱ्या केसांची एक चिमुरडी. फोटोतसुद्धा त्या चिमुरडीचे दोन्ही हात हवेत होते.

 बोलून उपयोग नव्हता. मी पर्स खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझे कान पकडले. त्यांच्या भाषेतला तेवढा एकच शब्द मला येत होता.

तो बघत राहिला. माझ्याकडं बघितलं, खाली ठेवलेल्या मोटरकडं बघितलं. जळकट वास येत होता तिला. आणि मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, मनापासून. त्याला वाटलं, बाईनं पुन्हा पाण्याविना मोटर चालवून जाळून आणली, म्हणून माफी मागतेय!

पुढं आला, माझे हात धरून कानांवरनं खाली आणले. अगदी हळू. मग चिठ्ठी काढली आणि लिहिलं, 'एवढं काय त्यात ताई. चूक होते. आधी टाकीत पाणी बघत जा.'

मी मानेनं नाही म्हणत होते. नाही, ते नाही, दुसरं. त्याला वाटलं, मला आणखी काहीतरी सांगायचंय. त्यानं एक कोरी चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली आणि कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. थांबून राहिला, लिहा म्हणून.

मी पेन्सिल टेकवली. दुकानात कुणी नव्हतं. त्याला कसलीच घाई नव्हती.

मोटरला बांधायच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि पत्ता लिहितात. मी माझं नाव लिहिलं, गल्ली लिहिली, आणि पेन्सिल त्याला परत दिली.